ट्रॉली हुशार झाली, पण कोणाच्या बाजूने?

बी.ई.च्या प्रोजेक्टची यादी नोटीस बोर्डवर लागली की त्यात दोन नावं हमखास सापडतात. एक म्हणजे लाईन फॉलोअर रोबोचा कुठला तरी चुलतभाऊ, आणि दुसरी आपली लाडकी 'स्मार्ट ट्रॉली'! ई अँड टीसीवाले ती आरएफआयडीवर करतात, कॉम्प्युटरवाले तिच्यापुढे 'आयओटी बेस्ड' लावतात, इन्स्ट्रुमेंटेशनवाले तिच्यात लोड सेल बसवतात आणि मेकॅनिकलच्या हाती लागली तर ती गिऱ्हाइकाच्या मागेमागे चालायला लागते. ब्रँच कुठलीही असो, ब्लॅक बुकमधल्या इंट्रोडक्शनचं पहिलं वाक्य मात्र तेच. 'आजच्या धावपळीच्या युगात माणसाकडे वेळ नाही. मॉलमध्ये बिलासाठी लांबच लांब रांगा लागतात...'

आता मी काही या ट्रॉलीचा शत्रू नाही. मी याच डिपार्टमेंटचा, त्याच लॅबमध्ये त्याच जळक्या वासाच्या सोल्डरिंग गनने काम करणारा. पण ही ट्रॉली नक्की कोणाचं काम कमी करते आणि कोणाच्या गळ्यात घालते, हा प्रश्न मी अजून एकाही व्हायवामध्ये ऐकलेला नाही. एक्स्टर्नल विचारतात, "कॉस्ट किती आली?" आपण सांगतो, ते मान डोलावतात, संपला विषय. माझ्या मते खरा विषय तिथून सुरू होतो. आपण सगळे पुढची चाळीस वर्षं यंत्रं बनवणार आहोत, आणि प्रत्येक यंत्र कोणाच्या तरी बाजूचं असतं. ट्रॉलीसुद्धा!

आधी आपल्या कॉलेजातली ट्रॉली बघू. १२५ किलोहर्ट्झचा ईएम-१८ रीडर, एक मायक्रोकंट्रोलर, १६ बाय २ चा एलसीडी, एक बझर, आणि हे सगळं टेपने बांधलेली प्लास्टिकची बास्केट. बिस्किटाच्या पुड्याला टॅग चिकटवलेला असतो. पुडा रीडरजवळ नेला की 'बीप', आणि एलसीडीवर नाव, किंमत, एकूण बेरीज. वस्तू नको असेल तर पुन्हा दाखवायची, किंमत वजा. शेवटी बिल वाय-फायवरून काउंटरला. डेमोला मस्त दिसतं. पण नीट बघा, या रीडरची रेंज काही सेंटीमीटर. म्हणजे प्रत्येक पुडा एकेक करून त्याच्या नाकासमोर धरायलाच हवा. कॅशियर जे करत होता तेच आता गिऱ्हाईक करतंय, तेही बिनपगारी!

"पण बाहेर तर खऱ्या स्मार्ट ट्रॉल्या आहेत," असं कुणी म्हणेल. आहेत ना. ॲमेझॉनने जुलै २०२० मध्ये अमेरिकेत 'डॅश कार्ट' जाहीर केली. इन्स्टाकार्ट या कंपनीने २०२१ मध्ये 'केपर' ही स्मार्ट ट्रॉली बनवणारी कंपनी ३५ कोटी डॉलरला विकत घेतली. या ट्रॉल्यांमध्ये टॅग वगैरे भानगड नाही. कॅमेरे वस्तू ओळखतात, तळाचा काटा वजन ताडून बघतो, दांड्याजवळच्या स्क्रीनवर बेरीज दिसते, आणि गिऱ्हाईक काउंटरवर न थांबता बाहेर पडतं. तंत्र म्हणून मला हे मनापासून आवडतं. हलत्या ट्रॉलीत, हातांच्या गर्दीत, अर्धवट झाकलेला साबण ओळखणं ही इमेज प्रोसेसिंगची सोपी परीक्षा नव्हे.

मग त्यांनी आरएफआयडी का नाही वापरलं? इथे आपल्या सिलॅबसचा उपयोग होतो बघा. लांबून वाचता येणारे टॅग यूएचएफवर चालतात. त्या लहरी धातूवरून परावर्तित होतात आणि पाण्यात शोषल्या जातात. आता किराण्याची पिशवी डोळ्यांसमोर आणा. वेफर्सचं आतून चकचकीत पाकीट, तुपाचा डबा, दुधाची पिशवी, काकडी. सगळं धातू नाहीतर पाणी! त्यात टॅगला काही रुपये लागतात. ५ रुपयांच्या बिस्किटाला तो कोण लावणार? वॉलमार्टने २००३ मध्ये आपल्या मोठ्या १०० पुरवठादारांना जानेवारी २००५ पर्यंत टॅग लावायला सांगितलं, तेही खोक्यांना आणि पॅलेटना. आतल्या प्रत्येक पुड्याला नव्हे. कपड्यांच्या दुकानात हेच तंत्र छान चालतं, कारण शर्टाच्या किमतीपुढे टॅगची किंमत काहीच नाही. आपल्या टोलनाक्यावरचा फास्टॅगही यूएचएफ आरएफआयडीच, फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा. एक गाडी, एक टॅग, समोर मोकळी काच. तंत्र तेच, पण जागा बरोबर. एकाच पिशवीतल्या तीस वस्तू आणि एका लेनमधली एक गाडी, यातला फरक ज्याला कळला त्याला मी डिस्टिंक्शन देईन.

असो. आता थोडा इतिहास, कारण गंमत तिथेच आहे.

१९१६ पर्यंत अमेरिकेतलं किराणा दुकान म्हणजे आपल्या वाण्याच्या दुकानासारखंच होतं. गिऱ्हाइकाने काउंटरपुढे उभं राहायचं, यादी सांगायची, आणि नोकराने मागच्या फडताळातून एकेक वस्तू काढून द्यायची. त्या वर्षी मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्स नावाच्या माणसाने 'पिगली विगली' नावाचं दुकान काढलं (नाव हसण्यासारखंच आहे, हसून घ्या) आणि काउंटर उडवून टाकला. गिऱ्हाइकाने आत शिरायचं, फडताळापर्यंत चालायचं, स्वतः वस्तू काढायची आणि दाराशी पैसे द्यायचे. या मांडणीचं १९१७ मध्ये त्याला पेटंट मिळालं. नोकरांचा खर्च वाचला, किमती उतरल्या, दुकानं धडाधड वाढली. पण वस्तू शोधून काढण्याचं काम नाहीसं झालं का? छे! ते गिऱ्हाइकाकडे गेलं.

मग आलं १९३७. ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमन हा सुपरमार्केटचा मालक एका गोष्टीने हैराण होता. हातातली बास्केट जड झाली की बाया खरेदी थांबवत. त्याने घडीच्या खुर्चीवरून कल्पना घेतली, तिला चाकं लावली, वर-खाली दोन बास्केट ठेवल्या. झाली ट्रॉली! सुरुवातीला कुणी हात लावेना. पुरुषांना ती ढकलण्यात कमीपणा वाटे, बायका म्हणत, बाबागाड्या ढकलून दमलो, आता ही कशाला? शेवटी त्याने पगारी माणसं ठेवली, जी गिऱ्हाईक असल्यासारखी ट्रॉली ढकलत दुकानात नुसती फिरायची. मग हळूहळू सवय लागली. गोल्डमनला लोकांच्या हातांची दया आली असेलही, पण ट्रॉलीचा मूळ हिशेब साधा होता. ओझं जाणवलं नाही की माणूस जास्त घेतो.

आता गंमत ऐका. त्याच १९३७ साली मेम्फिसमध्ये तो पिगली विगलीवाला साँडर्स एक सुपर हायटेक दुकान काढत होता. नाव 'कीडूझल'. वस्तू काचेमागे मांडलेल्या. गिऱ्हाइकाच्या हातात एक किल्ली. हव्या त्या वस्तूच्या भोकात किल्ली घालायची, नोंद होणार. शेवटी सगळा माल कन्व्हेयर बेल्टवरून बाहेर येणार आणि बिल तयार. विचार करा, मायक्रोकंट्रोलर सोडा, ट्रान्झिस्टरचासुद्धा शोध लागायचा होता! आणि झालं काय? यंत्र गर्दीच्या वेळी अडकायचं, एकाचा माल दुसऱ्याला जायचा. पुन्हा पुन्हा प्रयत्न करून १९४९ च्या सुमारास तो नाद संपला. ज्या साली इतकं हुशार दुकान उघडलं, त्याच साली जन्मलेली बिनडोक ट्रॉली जगभर गेली. दुरुस्तीला एक तेलाचा थेंब, चालवायला शून्य ट्रेनिंग. 'लो-टेक' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे १९३७ साल टेबलावर लिहून ठेवावं.

या ट्रॉलीला स्क्रीन लावायची हौसही आजची नाही. १९९० च्या आसपास अमेरिकेत 'व्हिडिओकार्ट' निघाली होती. ट्रॉलीच्या दांड्यावर स्क्रीन, आणि साबणाच्या फडताळाजवळ गेलात की साबणाची जाहिरात. काही वर्षांत कंपनी बुडाली. २००३ मध्ये जर्मनीत ऱ्हाईनबर्गला मेट्रो कंपनीने 'फ्युचर स्टोअर' काढलं, तिथेही ट्रॉलीवर छोटा कॉम्प्युटर होता. पुढे गिऱ्हाइकांच्या सवलत कार्डात आरएफआयडी चिप असल्याचं उघड झालं, २००४ मध्ये दुकानासमोर निदर्शनं झाली आणि कंपनीला ती कार्डं मागे घ्यावी लागली. आणि इन्स्टाकार्टने २०२४ मध्ये केपर ट्रॉलीच्या स्क्रीनवर काय आणलं? जाहिराती! तीस-पस्तीस वर्षांत पडदा रंगीत झाला, प्रोसेसर हजारपट वेगवान झाला, पण पडद्यावर बोलणारा माणूस तोच राहिला. स्क्रीन ज्याच्या पैशाने बसते त्याचीच भाषा बोलते, हा नियम ओहमच्या नियमाइतका पक्का आहे.

दुसरा नियम मी असा मांडतो: काम नाहीसं होत नाही, ते जागा बदलतं. ॲमेझॉनने जानेवारी २०१८ मध्ये सिॲटलला 'ॲमेझॉन गो' लोकांसाठी उघडलं. छताला कॅमेरे, फडताळात सेन्सर, वस्तू उचला आणि चालू लागा. आपल्याकडे सेमिनारला त्यावर किती पीपीटी झाल्या असतील! २०२४ च्या एप्रिलमध्ये मात्र कंपनीने आपल्या मोठ्या अमेरिकन 'फ्रेश' दुकानांतून ही पद्धत काढून डॅश कार्टवर भर द्यायचं ठरवलं. त्याच सुमारास बातम्या आल्या की या 'आपोआप' बिलांची पडताळणी करायला भारतात सुमारे हजार माणसं बसवलेली होती. ॲमेझॉनने हे वर्णन नाकारलं. माणसं मुख्यतः मॉडेलला शिकवण्यासाठी डेटा तपासतात आणि थोड्याच शंकास्पद खरेद्या बघतात, असं कंपनीचं म्हणणं. आकडा बाजूला ठेवू. पण सिॲटलच्या दुकानातला कॅशियर गेला आणि व्हिडिओ बघणारा माणूस कुठेतरी बसला, एवढं तर दोन्ही बाजूंना मान्य आहे. तो कदाचित आपलाच एखादा पासआऊट सीनियर असेल!

एवढं वाचून झाल्यावर मला वाटलं, आपण सगळे ज्या रांगेच्या नावाने गळा काढतो ती रांग नक्की कशाने लागते हे तरी विचारावं. आमच्या सोसायटीतल्या एक ताई एका सुपरमार्केटमध्ये बिलिंगला आहेत. त्यांना आमची ट्रॉलीची आयडिया सांगितली. त्या हसल्या.

"अरे, स्कॅन करायला वेळ लागतो असं कोण म्हणालं तुम्हाला? तो तर हात आपोआप करतो. वेळ लागतो बाकीच्याला. कुणी भाजी वजन न करताच आणतं. कुणाच्या पुड्याचा बारकोड चुरगळलेला. कुणाचं पेमेंट नुसतं गोल गोल फिरतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे परत ठेवणं."

"परत ठेवणं म्हणजे?"

"बेरीज झाली की माणूस स्क्रीनकडे बघतो, मग पाकिटात बघतो, मग म्हणतो, 'हे राहू द्या.' मग साबण राहतो, नाहीतर पोराचं काहीतरी राहतं. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तर रोज. एक आयटम कमी करायला सुपरवायझरला हाक मारावी लागते. तो येईपर्यंत मागची लोकं कुरकुरतात. मी तेव्हा मान वर करत नाही बघ. त्या माणसाला आणखी लाज नको."

मित्रांनो, आमच्या ग्रुपने ट्रॉलीवर बरेच पेपर वाचले होते. त्यांत रांग होती, थ्रूपुट होतं, ॲक्युरसी होती. हा माणूस कुठेच नव्हता.

आणि गंमत म्हणजे आपल्या त्या टेपने बांधलेल्या बास्केटमध्ये या माणसासाठी उत्तर आहे! एलसीडीच्या दुसऱ्या ओळीवर जी बेरीज दिसते, ती. बेरीज काउंटरवर कळण्याऐवजी फडताळापाशी कळली, तर कोणता साबण घ्यायचा हे तो माणूस दहा लोकांसमोर न ठरवता एकटा, शांतपणे ठरवेल. आपण ज्याला 'ॲडिशनल फीचर' म्हणून शेवटच्या स्लाइडवर टाकतो, ती खरी मुख्य गोष्ट आहे. रांगेतली चार मिनिटं वाचली काय, न वाचली काय! माणसाची मान खाली जाणं वाचलं तर ते इंजिनियरिंग.

वाण्याच्या दुकानात हा प्रसंग येत नाही असं नाही, पण तिथे तो वेगळा सुटतो. वाणी तोंडीच बेरीज करतो, कमी पडले तर "राहू द्या, उद्या द्या" म्हणतो आणि वहीत लिहितो. मी काही वाण्याचे गोडवे गाणार नाही. त्याच वहीपायी ऐकून घ्यावं लागलेले लोकही आपल्या घरांत आहेत, काट्यावर शंका असतेच, आणि छापील किमतीवर सूट मागितली की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. म्हणून तर २००१ मध्ये बिग बझार आलं, २००२ मध्ये पवईला डी-मार्टचं पहिलं दुकान निघालं आणि मध्यमवर्ग तिकडे वळला. किंमत कमी, हात लावून बघता येतं, भिडेखातर काही घ्यावं लागत नाही. पण या सगळ्यात 'उद्या द्या' म्हणणारा माणूस गेला, आणि त्याच्या जागी कुठलंही यंत्र आलेलं नाही. मशीन उधारी देणार नाही हे मान्य. निदान वेळेवर बेरीज तरी सांगू दे!

आता किराणा खरेदीच्या भविष्याबद्दल. माझा अंदाज आहे की आपल्याकडे ते भविष्य चाकांवरून येणार नाही. ट्रॉलीला लागते रुंद गल्ली, मोठं पार्किंग, घरी मोठा फ्रीज आणि आठवड्याची खरेदी एकदम करण्याइतका खिशात पैसा. आपल्या शहरांत यातलं काय आहे? आपल्याकडे माणसाचं श्रम स्वस्त आहे, म्हणून वस्तूच घरी येते. आधी वाण्याचा पोरगा सायकलवरून यायचा, आता ॲपवाला येतो. झेप्टो २०२१ मध्ये मुंबईत सुरू झालं, ग्रोफर्सने त्याच वर्षाअखेर 'ब्लिंकिट' नाव घेतलं. या कंपन्यांच्या डार्क स्टोअरमध्ये गिऱ्हाईक पाऊलही टाकत नाही. आतला मुलगा यादी बघून पळत पळत फडताळातून वस्तू काढतो. अहो, हा तर १९१६ च्या आधीचा काउंटरमागचा नोकर! साँडर्सने हाकललेला माणूस शंभर वर्षांनी मागच्या दाराने परत आला, फक्त आता त्याच्या डोक्यावर टायमर आहे. आणि रात्री अकराला होस्टेलच्या गेटवर मॅगी घेऊन भिजत उभा असलेला रायडर बहुधा आपल्याच वयाचा असतो. दहा मिनिटं आपली वाचली. ती कुठून आली, हा हिशेब ॲपच्या स्क्रीनवर दिसत नाही.

यंत्राशिवायही खरेदी हुशार करता येते, हेही आपण विसरलोय. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून चालू आहे. शेजारपाजारची कुटुंबं एकत्र येऊन संघ करतात, महिन्याची यादी आधी भरून देतात, माल एकदम घाऊक घेतला जातो, एका सदस्याच्या घरी येतो आणि सदस्य आपापसांत वाटप करतात. मागणी आधी गोळा करा, मग खरेदी करा. आज याला 'डिमांड ॲग्रिगेशन' म्हणून स्टार्टअप निघेल! आमच्या आईच्या पिढीने ते कागदाच्या फॉर्मवर केलं. काम इथेही नाहीसं झालेलं नाही. पण ते कोण करणार हे सगळ्यांनी बसून ठरवलेलं आहे, आणि त्याचा फायदा काम करणाऱ्यालाच मिळतो. फरक एवढाच, पण केवढा!

आणि तंत्रज्ञान नेमकं बसलं की काय होतं तेही आपण डोळ्यांनी पाहिलंय. २०१६ मध्ये यूपीआय आलं. भाजीवालीला काय घ्यावं लागलं? एक छापील क्यूआर कोड. मग तो साउंडबॉक्स आला. पैसे आल्याचं मोठ्याने सांगणारा डबा, एवढंच. पण ज्याने तो काढला त्याला माहीत होतं की दुकानदाराचे हात तेलाचे असतात, समोर पाच गिऱ्हाइकं असतात, आणि खोटा स्क्रीनशॉट दाखवून जाणारे महाभागही असतात. त्या डब्यात क्रांतिकारक असं सर्किट नाही. दुकानात उभं राहून केलेलं निरीक्षण आहे.

"मग काय आम्ही रिसर्चच करू नये? नवीन काही बनवूच नये?" असा प्रश्न येणार हे मला माहीत आहे, कारण मित्रांनी तो विचारून झाला आहे. जरूर बनवा! बारकोडचीच गोष्ट घ्या. १९४८ मध्ये फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल कॉलेजमध्ये एका किराणा साखळीच्या प्रमुखाने डीनसाहेबांना विनंती केली, बिलाच्या वेळी मालाची माहिती आपोआप टिपायची काही युक्ती शोधा. डीननी नकार दिला. हे बोलणं बर्नार्ड सिल्व्हर या विद्यार्थ्याच्या कानावर पडलं. त्याने मित्राला, नॉर्मन जोसेफ वूडलंडला, सांगितलं. वूडलंडने मायामीच्या किनाऱ्यावर वाळूत मोर्स कोडचे ठिपके-रेघा काढल्या, त्या बोटांनी खाली ओढल्या आणि बारकोडची कल्पना जन्मली. पेटंट मिळालं १९५२ मध्ये. पण स्वस्त लेसर आणि कॉम्प्युटर यायला वेळ लागला, आणि दुकानात पहिला पुडा स्कॅन झाला तो २६ जून १९७४ ला, ओहायोतल्या ट्रॉय गावी. ६७ सेंटचं च्युइंग गम! म्हणजे वेळ लागला म्हणून कल्पना वाईट ठरत नाही. पण लक्षात घ्या, सुरुवात कुठे झाली? दुकानदाराने स्वतः येऊन सांगितलेल्या अडचणीपासून. इंटरनेटवरून उतरवलेल्या सर्किट डायग्रामपासून नव्हे.

म्हणून माझी सूचना. ट्रॉली बनवायचीच असेल तर गिऱ्हाइकाच्या बाजूची बनवा. तिने चालू बेरीज सांगावी, आणि ठरवलेल्या बजेटजवळ आलं की हळूच सांगावं, बझर वाजवून नव्हे! तिने प्रति किलो दर सांगावा. २०२१ मध्ये नियम दुरुस्त करून पाकिटावर एककाचा दर छापणं सरकारने बंधनकारक केलं, पण तो आजीच्या चष्म्याला दिसेल इतका मोठा कुठे असतो? 'मोठा पॅक स्वस्त' हे दर वेळी खरं नसतं, हे पोरांना भागाकार शिकवायलाही उपयोगी आहे. ज्यांना दिसत नाही त्यांना वस्तूचं नाव आणि एक्स्पायरी वाचून दाखवावी. आणि कदाचित याला ट्रॉलीच लागणार नाही. खिशातल्या फोनला कॅमेरा आहे. अडचण एकच, बारकोडमध्ये फक्त नंबर असतो, किंमत दुकानाच्या डेटाबेसमध्ये असते. ८९० ने सुरू होणारा नंबर तुम्हाला वस्तू सांगेल, आज या दुकानात ती कितीला आहे हे सांगणार नाही. ती किंमत दुकानाकडून गिऱ्हाइकाच्या फोनवर कशी आणायची, हा मस्त प्रोजेक्ट आहे. आणि दुकान ती द्यायला तयार होईल का, हा त्याहून मस्त प्रश्न आहे.

डिपार्टमेंटला विनंती एवढीच. सिनॉप्सिसच्या फॉर्मवर 'ऑब्जेक्टिव्ह'च्या वर दोन रकाने वाढवा. एक, 'हे यंत्र आल्यावर कोणाचं काम कमी होईल?' दोन, 'ते काम आता कोण करेल?' आणि खाली अट घाला, की ग्रुपने त्या ठिकाणी, म्हणजे दुकानात, शेतात, दवाखान्यात, जिथे कुठे असेल तिथे, किमान दोन तास उभं राहून यावं आणि तिथल्या एका काम करणाऱ्या माणसाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिहून आणावं. त्याला पाच मार्क ठेवा. तसेही फाईलच्या बाइंडिंगला आपण तेवढे देतोच.

स्मार्ट ट्रॉली पुढच्या वर्षीही यादीत असणार, त्याच्या पुढच्याही. असू दे. फक्त जो ग्रुप ती घेईल त्याने महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एका संध्याकाळी बिलिंग काउंटरजवळ जाऊन उभं राहावं. 'हे राहू द्या' हे तीन शब्द कानावर पडले की प्रॉब्लेम स्टेटमेंट तयार आहे.